थेरीगाथा : पाय धुताना, पाणी भरताना, उखळापाशी

थेरीगाथा हा सुत्तपिटकातील खुद्दकनिकायाचा एक ग्रंथ. थेरी म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणी. आपण मुक्त कशा झालो हे भिक्खुणींनी सांगितलेल्या ७३ रचना यात आहेत. काही रचना एकाच गाथेच्या आहेत, तर शेवटची सुमेधा थेरीची रचना सत्तरहून अधिक गाथांची आहे. स्त्रियांच्या तोंडच्या काव्याचा हा जगातील सर्वांत जुन्या संग्रहांपैकी एक. पाली टेक्स्ट सोसायटीने तो १८८३ मध्ये रोमन लिपीत छापला.

गाथांमध्ये चरित्र फार थोडे येते. थेरी कुठल्या घरातली, काय सोसून संघात आली, हा तपशील बहुतेक ठिकाणी आचार्य धम्मपालांच्या अट्ठकथेतून मिळतो आणि ती कित्येक शतकांनी नंतरची आहे. प्रवचनात दोन्ही एकत्र सांगितले जातात. अभ्यासकाने मात्र ते वेगळे ठेवलेले बरे.

पटाचारेचे उदाहरण घ्या. अट्ठकथेनुसार ती श्रावस्तीच्या श्रेष्ठीची मुलगी. घरातल्या नोकराबरोबर ती निघून गेली. पुढे नवरा सर्पदंशाने, एक मूल नदीत, दुसरे ससाण्याच्या तावडीत आणि आईवडील व भाऊ घर कोसळून गेले. ही कथा आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. पण तिच्या गाथांमध्ये यातले काहीच नाही. तिथे एक सरळ प्रश्न आहे. लोक शेत नांगरतात, बी पेरतात, त्याचे फळ मिळवून बायकापोरांना पोसतात. मग मी शीलाने वागते, शास्त्याचे सांगणे पाळते, तरी मला निब्बाण का लाभत नाही? त्यानंतर ती पाय धुते. पायावर ओतलेले पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहत जाताना पाहते आणि तिचे चित्त स्थिर होते. मग दिवा घेऊन ती कुटीत जाते, बिछाना पाहते, मंचकावर बसते, सुईने वात खाली ओढते. दिवा विझतो आणि चित्त मुक्त होते. मूळ गाथांत घडते ते एवढेच.

हे तंत्र सतिपट्ठान सुत्तातले आहे. कायानुपस्सनेत श्वास तर आहेच, शिवाय चालणे, उभे राहणे, बसणे, झोपणे, हातपाय आखडणे व पसरणे, चीवर नेसणे, खाणे-पिणे आणि मलमूत्रविसर्जन हेही सजगतेचे विषय आहेत. शरीरातले कोणतेही काम त्यातून वगळलेले नाही. ज्या समाजात काही कामे आणि ती करणारी माणसे अपवित्र ठरवली जात होती, तिथे ही यादी साधी राहत नाही.

निसर्गाकडेही थेरी अशाच पाहतात. दन्तिका गिज्झकूट पर्वतावर, म्हणजे आजच्या राजगीरजवळ, दुपारच्या विसाव्यानंतर बाहेर येते. नदीतून वर आलेल्या हत्तीला माहूत पाय पुढे करायला सांगतो, हत्ती करतो, माहूत वर चढतो. रानातला प्राणी वळतो हे पाहून ती मन एकाग्र करते. धम्मा नावाची वृद्ध थेरी भिक्षेहून परतताना काठी टेकत चालते, अंग थरथरते आणि ती जमिनीवर पडते. त्या पडण्यातच तिला देहाचे स्वरूप कळते. वैशालीची आम्रपाली स्वतःचे केस, डोळे, आवाज, एकेक अवयव घेऊन तो आधी कसा होता आणि आता कसा आहे हे सांगते. ज्या देहाची नगरात किंमत होती, त्याचा हिशेब ती स्वतःच मांडते. हे वाचून काहींना ती देहाची निंदा वाटते. मला त्यात निंदेपेक्षा मोजमाप दिसते.

इथे एक गल्लत टाळायला हवी. 'रोजच्या कामातच आनंद शोधा' हा सल्ला आजकाल कार्यशाळांतून आणि मोबाईलवरून बराच मिळतो. थेरीगाथा तसे म्हणत नाही. मुत्ता थेरीला उखळ कांडण्यात अर्थ सापडलेला नाही. उखळ, मुसळ आणि वाकडा नवरा या तिन्हींतून सुटल्याचे ती मोठ्या समाधानाने सांगते. सुमंगलाच्या आईला मागे सुटलेल्या भांड्याचा वासही आठवतो. आता ती झाडाखाली बसून ध्यान करते. कष्टाला पवित्र करून कष्टकरी बाईला तिथेच ठेवणे, हा या गाथांचा मार्ग नाही.

पुण्णिकेत हे सर्वांत स्पष्ट दिसते. अट्ठकथेप्रमाणे ती अनाथपिंडिकाच्या घरातल्या दासीची मुलगी. गाथेत ती सांगते की मालकिणींच्या माराच्या आणि बोलण्याच्या भीतीने आपण थंडीतही पाण्यात उतरत होतो. तिथेच एक ब्राह्मण कुडकुडत स्नान करताना तिला भेटतो. तुम्ही कोणाच्या भीतीने पाण्यात उतरता, असे ती विचारते. पाण्याने पाप धुतले जाते, असे तो म्हणतो. यावर तिचा युक्तिवाद असा : मग बेडूक, कासवे, सुसरी सगळ्याच स्वर्गात जातील, आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही वाहून नेईल, मग तुमच्याकडे उरेल काय? रोज पाण्यात उभी राहणारी बाईच हे विचारू शकते. पाणी थंड असते, त्यात प्राणी राहतात, ते खाली वाहते. त्यापलीकडे त्यात काही नाही, हे तिच्या पायांना माहीत आहे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि नंतर सनातन्यांनी त्या तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. पाण्याला माणसाच्या स्पर्शाने विटाळ होतो आणि मंत्राने ते शुद्ध होते, हा समज पुण्णिकेने नदीकाठी प्रश्न विचारून मोडला होता त्याच जातीचा आहे. आपल्या तरुणांनी हा संवाद पाठ करून ठेवावा, वादात उपयोगी पडतो.

वर्षावासाचे तीन महिने आपल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन चालते. त्याला जोडून आठवड्यातून एक दिवस थेरीगाथा ठेवता येईल. एका बैठकीला एकच थेरी घ्यावी : आधी गाथेचा अर्थ, मग अट्ठकथेतली कथा, आणि कथेत वाढवलेले काय ते सांगावे. वाचणाऱ्या शक्यतो महिला उपासिका असाव्यात. सुरुवात पुण्णिकेपासून करावी. तिचे म्हणणे पटल्यावर तो ब्राह्मण अंगावरचे वस्त्र तिला देऊ करतो, पण ती ते घेत नाही. उलट, दुःख नको असेल तर वाईट कर्म करू नका आणि बुद्ध, धम्म, संघाला शरण जा, असे त्याला सांगते.