आरशाचा लोप आणि जुन्या भिंगांचे पुनरागमन

उपकरण कालबाह्य ठरते ते नेहमी झिजल्यामुळेच असे नाही. त्याच्या जोडीचे यंत्र बदलल्यामुळेही ते अडगळीत जाते. ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची कॅमेऱ्याची भिंगे हे याचे ठळक उदाहरण होय. १९४९ साली ड्रेस्डेनच्या ‘कॉन्टॅक्स एस’ने ही बैठक प्रचारात आणली. पुढे मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्क येथे, येनाच्या ‘बायोटार’च्या धर्तीवर, ५८ मिलिमीटरचे ‘हेलिओस-४४’ निघाले. त्याची नंतरची रूपे याच बैठकीची होती. विपुल उत्पादनामुळे ती स्वस्त राहिली.

हलत्या आरशाला वाव हवा म्हणून बैठक आणि फिल्म यांत सुमारे ४५.५ मिलिमीटर अंतर ठेवावे लागे. २००८पासून आलेल्या आरसाविरहित कॅमेऱ्यांत ते १६ ते २० मिलिमीटरांवर आले. उरलेले अंतर धातूचे साधे कडे भरून काढते. त्यात काच लागत नाही. या भिंगांवर केंद्रीकरण व छिद्रनियंत्रण हातानेच होत असल्याने ती चलच्चित्रणासही सोयीची ठरतात. त्यामुळे ३७ मिलिमीटरचे ‘मीर-१’, ‘हेलिओस’ व १३५ मिलिमीटरचे ‘ज्युपिटर-३७ए’ असा संच अल्प खर्चात उभा राहू शकतो.

सारांश, तंत्राच्या इतिहासकाराने वस्तूचा अंत नोंदविण्याची घाई करू नये. तिच्या जोडीच्या यंत्राचे भवितव्य आधी पाहावे.