अब्जदची बावीस अक्षरे

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचा हिब्रू भाषेशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल. शिवनेरी, लेण्याद्री, भीमाशंकर, घोडेगावची कचेरी, मंचरचा बाजार ही आमची ओळख. तीत हिब्रूला जागा कुठे? पण उद्या या भागातला एखादा मुस्लिम विद्यार्थी परदेशी विद्यापीठात हिब्रू शिकायला निघाला, तर मोहल्ल्यातला पहिला सवाल ठरलेला आहे : "दुनियेत दुसरी जबान उरली नव्हती का?" हा सवाल रागाचा असला तरी खोटा नाही. पॅलेस्टिनी जनतेवर १९४८ पासून जे गुदरले आणि २०२३ नंतर गाझात जे घडले, त्याची जखम त्यामागे आहे. म्हणूनच त्याला घाईने नव्हे, इतिहासाच्या आधाराने उत्तर दिले पाहिजे.

सुरुवात घाटापासून करू. सातवाहन काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरला येत असे. जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्या यवनांची नावे आजही वाचता येतात. समुद्रापलीकडचा माणूस आमच्या भूमीला परका नव्हता, याचा हा दगडावरचा पुरावा. पुढे १४९० मध्ये मलिक अहमदने जुन्नरलाच निजामशाहीची स्थापना केली. अहमदनगर शहर त्यानंतर वसले. या सल्तनतीचे समुद्राकडचे दार म्हणजे चौल. चौलला अरब लेखक सैमूर म्हणत. दहाव्या शतकाच्या आरंभी अल्‌-मसूदी तेथे आला, तेव्हा त्याने तेथील मुस्लिमांची मोठी वसाहत नोंदवून ठेवली.

याच चौल-अलिबाग-रोहा-पेणच्या पट्ट्यात आमचे आणखी एक शेजारी राहत होते. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे. लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ते बेने इस्रायल. मराठी बोलत, गावावरून आडनाव लावत, सुंता करत आणि एका निराकार ईश्वराला मानत. मात्र त्यांची धर्मभाषा जवळजवळ विसरली गेली होती. 'शेमा' ही एकेश्वराची ग्वाही देणारी प्रार्थना तेवढी तोंडी उरली होती. अर्थ न कळता पाठ राहिलेल्या शब्दांचे मोल काय असते, हे अरबी न समजता कुराण पढणाऱ्या आम्हाला वेगळे सांगायला नको.

निजामशाहीच्या दरबाराशी जोडलेला एक ज्यू वंशाचा विद्वानही इतिहासाला माहीत आहे. गार्सिया द ओर्टा हा पोर्तुगीज वैद्य स्पेनमधील सालामांका आणि अल्काला या विद्यापीठांत शिकला आणि १५३४ मध्ये गोव्यात आला. बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा स्नेह होता. अरबी वैद्यकावरच्या चर्चा त्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या औषधी ग्रंथात नोंदवल्या. त्याचे पूर्वज ज्यू होते आणि बाहेरून तो ख्रिस्ती म्हणून जगत होता. मृत्यूनंतर, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. जुन्नरला जन्मलेल्या एका मुस्लिम राजवटीच्या दरबारात ज्याला मान मिळाला, त्याला गोव्यात कबरीतही स्वस्थता मिळाली नाही. मुस्लिम आणि ज्यू यांचे वैर सनातन आहे असे सांगणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावे.

हिब्रू पुन्हा शिकण्याचा बेने इस्रायलांचा प्रवास एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. कोचीनच्या ज्यूंनी काही शिकवले. १८२९ मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण चक्क मराठीत लिहिले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण बेने इस्रायलांनी व्याकरण घेतले आणि धर्म आपला ठेवला. जोसेफ इझेकिएल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी ज्यू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले आणि ते मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक झाले. याच समाजातल्या रिबेका रूबेन १९०५ मध्ये मॅट्रिकला विद्यापीठात पहिल्या आल्या, इंग्लंडला जाऊन शिकल्या आणि परतून मुंबईत समाजाची शाळा चालवली. आमच्याच पुणे जिल्ह्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंनी बायबल मुळातून मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे संपूर्ण बायबल त्यानंतर प्रसिद्ध झाले. म्हणजे हिब्रू ही मराठी मुलखाला कालपरवा कळलेली भाषा नव्हे.

आता आमच्या परंपरेकडे पाहू. हजरत जैद बिन साबित यांना पैगंबरसाहेबांनी यहुद्यांची लिपी शिकण्यास सांगितले आणि ती त्यांनी पंधरवड्यात शिकून घेतली, अशी हदीस तिर्मिझी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत आहे. कारणही त्यात आहे : आलेली पत्रे दुसऱ्याच्या भरवशावर वाचू नयेत. आजच्या विद्यार्थ्याला याहून स्पष्ट आज्ञा कोणती हवी? ज्यांच्याशी आपला वाद आहे त्यांचे लिखाण तर स्वतःच्या डोळ्यांनीच वाचले पाहिजे.

देणे एकतर्फी नव्हते. कोर्दोब्यात यहुदा हय्यूज याने अरबी व्याकरणकारांची पद्धत हिब्रूला लावली आणि हिब्रू क्रियापदे तीन अक्षरी धातूंवर उभी आहेत हे दाखवले. इब्न मैमून, म्हणजे मायमोनिडीस, याने आपला प्रसिद्ध तत्त्वग्रंथ अरबी भाषेत पण हिब्रू अक्षरांत लिहिला. कैरोच्या सिनेगॉगमध्ये सापडलेली 'गनिझा'ची कागदपत्रे याच मिश्र वाणीत आहेत आणि त्यांत बाराव्या शतकात मंगळूरला राहिलेल्या अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याची पत्रेही आहेत. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या अमिताव घोष यांनी इजिप्तच्या खेड्यात अरबी बोली आत्मसात केली, हिब्रू लिपी शिकली आणि त्या पत्रांवरून १९९२ मध्ये पुस्तक लिहिले. परदेशात जाऊन एक भारतीय विद्यार्थी आपल्याच किनाऱ्याचा इतिहास उलगडू शकतो, तो असा.

आमच्या मुलाला हे जड जाईल का? उलट, तो बरेच शिकूनच निघतो. मकतबात कायदा पढलेल्या मुलाला उजवीकडून डावीकडे वाचण्याची सवय असते. घरावर, रिक्षावर, लग्नपत्रिकेवर तो ७८६ पाहतो. हा आकडा बिस्मिल्लाहच्या अक्षरांची अब्जद हिशेबाने केलेली बेरीज आहे. अब्जद, हव्वज, हुत्ती, कलमन, सअफस, करशत : ही बावीस अक्षरे म्हणजे हिब्रूच्या आलेफपासून तावपर्यंतची अक्षरे, त्याच क्रमाने आणि त्याच किमतीने. अलिफचा एक, येचे दहा, काफचे शंभर, तेचे चारशे, दोन्हीकडे सारखेच. उरलेली सहा अक्षरे तेवढी अरबीची स्वतःची भर. शब्दांचेही तेच. सलाम-शालोम, यौम-योम, बैत-बाइत, शम्स-शेमेश. आम्ही ज्याला मकतूब म्हणतो, त्या पत्राला हिब्रूत मिख्ताव म्हणतात. किताब, कातिब, मकतब हे त्याच घराण्यातले. जुन्नरच्या कागद्यांनी हाताने बनवलेला कागद मराठी दफ्तरांत नांदला. त्या कागदावर लिहिणारा कातिब आणि हिब्रूतला लिहिणारा 'कोतेव' हे एकाच धातूचे भाऊ आहेत.

हिब्रू शेकडो वर्षे घराघरांत बोलली जात नव्हती, फक्त ग्रंथांत आणि प्रार्थनेत होती. १८८१ मध्ये जेरुसलेमला आलेल्या एलिएझर बेन-येहुदा याने ती पुन्हा बोलीत आणण्याचा ध्यास घेतला आणि नवे शब्द घडवताना अरबीतूनही उसनवारी केली. आंबेगावकरांना हे समजावे लागणार नाही. डिंभे धरणाच्या पाण्याखाली मूळ आंबेगाव गेले, कचेरी घोडेगावला आहे, तरी तालुक्याचे नाव आंबेगावच राहिले. नाव जपले की गाव मनात जिवंत राहते. मात्र गाव पाण्याखाली जाताना कोणाची घरे गेली, हे विसरून चालत नाही. भाषा जिवंत होण्याचा आनंद आणि पॅलेस्टिनींनी गमावलेल्या घरांचे दुःख, दोन्ही एकाच वेळी खरी आहेत.

आणि भाषा ही सरकारची मालमत्ता नसते. ज्यांना घरे सोडावी लागली त्या पॅलेस्टिनींचे कवी महमूद दरवीश हिब्रू उत्तम जाणत होते. पॅलेस्टिनी लेखक अंतोन शम्मास यांनी 'अराबेस्क' ही कादंबरी १९८६ मध्ये हिब्रूत लिहिली. मुस्लिम घरात वाढलेले सय्यद कशुआ हिब्रूतच कादंबऱ्या लिहितात. बहुसंख्याकांच्या भाषेत आपले सुखदुःख लिहिणारा अल्पसंख्य लेखक म्हणजे काय, हे मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिमाला कोणी शिकवायचे? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, तेव्हापासून आम्ही तेच करीत आहोत. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा हीच गोष्ट आम्ही मोठ्याने सांगितली : मराठी आमचीही आहे.

तिकडे गेलेले आमचे शेजारीही हा पेच जगले. इस्रायलमध्ये त्यांच्या ज्यू असण्यावरच काही धर्मगुरूंनी शंका घेतली. त्यांनी आंदोलन केले आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता दिली. हिब्रू शिकूनही त्यांनी मराठी सोडली नाही. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तेथून काढले.

तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या पालकांना आम्ही सांगू इच्छितो : मुलगा किंवा मुलगी लंडनला, ऑक्सफर्डला किंवा अन्य कोठे सेमिटिक भाषा शिकायला निघाली, तर अडवू नका. ऑक्सफर्डला हिब्रूचे अध्यासन १५४६ पासून आहे. तेथे बाहेरच्या लोकांनी आमच्याविषयी आणि आमच्या शेजाऱ्यांविषयी पुष्कळ लिहून ठेवले आहे. ते वाचायला आमच्यातले कोणी नको का? जो हिब्रू वाचेल तो तिकडच्या सत्ताधाऱ्यांचे दावे मुळातून तपासू शकेल, त्याच भाषेत अन्यायाविरुद्ध लिहिणाऱ्या ज्यूंचा आवाज ऐकू शकेल आणि कोकणातल्या शनवार तेल्यांच्या कबरींवरची अक्षरेही लावू शकेल. यातले एकही काम शत्रूचे नाही. बावीस अक्षरे तर आमच्या मकतबातच पाठ झालेली आहेत. उरते ती फक्त पुस्तक उघडण्याची तयारी.