फुकट होतं, तरी नको का म्हणाले? केडीई आणि क्यूटीचं भांडण

आज थोडं कायद्याचं बोलायचंय. घाबरू नका, मी वकील नाही, बीटेक करून कोड लिहिणारा साधा इंजिनिअर आहे. पण आमच्याकडे प्रत्येक रिलीजच्या आधी एक यादी बनते: अॅपमध्ये बाहेरचा कोणाचा कोड आहे आणि त्याचं लायसन्स काय म्हणतं? नवीन मुलं विचारतात, "फुकट आहे ना, मग बघायचं काय त्यात?" त्यांना मी ही गोष्ट सांगतो.

साल १९९६. लिनक्स होतं, पण ते वापरणं म्हणजे डोक्याला ताप. प्रत्येक प्रोग्रामची बटणं वेगळी, मेनू वेगळे. जर्मनीत ट्यूबिंगन विद्यापीठातला माथियास एट्रिख नावाचा विद्यार्थी याला वैतागला. ऑक्टोबरमध्ये त्याने इंटरनेटवर हाक दिली, की सामान्य माणसाला वापरता येईल असा एकसारखा डेस्कटॉप बनवूया. तोच केडीई.

आता खिडक्या, बटणं, मेनू शून्यापासून लिहायचे तर वर्षं जातात. म्हणून त्यांनी तयार लायब्ररी घेतली, क्यूटी. ती ट्रोलटेक या नॉर्वेच्या छोट्या कंपनीची. लिनक्सवर फुकट सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना क्यूटी फुकट होती. सोर्स कोडही वाचायला मिळायचा. पण त्यात बदल करून ती बदललेली क्यूटी दुसऱ्याला द्यायची परवानगी नव्हती. गोम इथेच होती.

कारण केडीईचे बहुतेक प्रोग्राम जीपीएल लायसन्सखाली होते. जीपीएल म्हणजे पंगतीचा नियम समजा. तुम्ही ताट वाढलंत, तर त्यातल्या प्रत्येक पदार्थाची कृती द्यायची, आणि घेणाऱ्याला ती बदलून पुढे वाटायची मोकळीक द्यायची. क्यूटी नावाच्या पदार्थाची कृती वाचता येत होती, पण बदलून वाटता येत नव्हती. मग ताट वाढायचं कसं?

जीपीएलमध्ये एक सूट आहे. ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर नेहमी येणाऱ्या लायब्ररीला हा नियम लागत नाही. पण तिला पुन्हा एक अट आहे: ती लायब्ररी तुमच्या प्रोग्रामच्या सोबत वाटली जात असेल, तर सूट नाही. म्हणजे पंचाईत कोणाची झाली? डेबियन, रेड हॅट अशा वितरणांची. ते तर सगळं एकाच सीडीवर देणार!

केडीईवाल्यांचं म्हणणंही चुकीचं वाटत नाही. "कोड आमचा, जीपीएल आम्हीच लावलं, आणि क्यूटीशी जोडलंही आम्हीच. म्हणजे आमची परवानगी आहेच की!" स्वतः लिहिलेल्या कोडपुरतं हे पटतं. पण केडीईत दुसऱ्यांचा कोडही आला होता. उदाहरणार्थ, केघोस्टव्ह्यू हे अॅप घोस्टव्ह्यू या जुन्या जीपीएल प्रोग्रामवर बेतलेलं होतं. त्या मूळ लेखकाने क्यूटीला कुठे हो म्हटलं होतं? दुसऱ्याच्या वतीने परवानगी देता येत नाही. माझ्या मते सगळ्या भांडणाचं मूळ हेच.

मग काय काय झालं, ते बघा. ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप जाहीर केला, मोकळ्या लायब्ररीवर उभारलेला. काहींनी क्यूटीचीच मोकळी नक्कल, हार्मनी, लिहायला घेतली. जुलै १९९८ मध्ये केडीई १.० आलं, लोकांना आवडलं. तरी ऑक्टोबरमध्ये डेबियनने केडीई आपल्या भांडारातून काढून टाकलं. रेड हॅटनेही तेव्हा ते घेतलं नाही, आणि आपले प्रोग्रॅमर ग्नोमवर बसवले. जर्मनीची सुसे मात्र केडीई देत राहिली.

ट्रोलटेक हट्टाला पेटली नाही. १९९८ मध्येच त्यांनी केडीईशी करार केला: आम्ही बारा महिने क्यूटीची नवी मोकळी आवृत्ती काढली नाही, तर एक फाउंडेशन ती जवळजवळ विनाअट लायसन्सखाली खुली करू शकेल. सुधारलेल्या रूपात हा करार आजही आहे. मग क्यूपीएल नावाचं नवं लायसन्स आलं. ते ओपन सोर्स होतं, पण जीपीएलशी जुळत नव्हतं. म्हणजे दोन्ही लायसन्स मोकळी, तरी एकत्र नांदेनात! हे नवख्यांना सगळ्यात जास्त चकवतं.

शेवटी सप्टेंबर २००० मध्ये ट्रोलटेकने क्यूटी २.२ थेट जीपीएलखाली दिली. तुमचा कोड मोकळा असेल तर फुकट. बंद ठेवायचा असेल तर पैसे भरा. मूळ भांडण मिटलं. पण जीपीएलचे जनक रिचर्ड स्टॉलमन म्हणाले, की ज्यांचा कोड आधी नियम मोडून वापरला, त्यांच्याकडून माफी मिळवायला हवी; आमच्या संस्थेच्या कोडपुरती आम्ही ती देतो. केडीईतल्या अनेकांना हे झोंबलं. कायद्याने मुद्दा बरोबर असेलही, पण चार वर्षं फुकट राबलेल्या माणसाला ते कसं वाटलं असेल?

किंमत काय मोजली, तर एकाऐवजी दोन डेस्कटॉप, दोन टोळ्या, वाटलं गेलेलं मनुष्यबळ. काही म्हणतात, स्पर्धेने दोन्ही सुधारले. तेही खरं असेल. पण ग्नोम सुरू व्हायचं मोठं कारण कोडमधला बग नव्हता, लायसन्समधली एक अट होती.

आणि तुमचा याच्याशी संबंध काय? केडीईच्या ब्राउझरमध्ये केएचटीएमएल नावाचं इंजिन होतं. अॅपलने ते घेऊन वेबकिट बनवलं, २००३ मध्ये सफारी आणला. पुढे २०१३ मध्ये गूगलने वेबकिटपासून ब्लिंक वेगळं काढलं, जे अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये चालतं. केएचटीएमएलचं लायसन्स एलजीपीएल होतं, म्हणून त्याला बंद कोडच्या शेजारी बसता आलं. क्यूटी जिथे अडली, तिथून हे इंजिन सहज पुढे गेलं.

आज एक काम करा. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' आणि मग कायदेशीर माहिती उघडा. लायसन्सची न संपणारी यादी दिसेल. त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे कोणीतरी दिलेली परवानगी आहे, तिच्या अटींसकट. कोणतं ओळखीचं नाव सापडलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!