टिफ्रॅक आणि ते बांधणारी पोरं

भारतातल्या संगणकाचा विषय निघाला की बहुतेकांची गाडी राजीव गांधींच्या काळापासूनच सुटते. त्याच्या तीस वर्षं आधी मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, काही तरुण पोरांनी एक संगणक स्वतः बांधायला घेतला होता, हे आमच्या घरातल्या संगणकवाल्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

साल १९५४-५५. संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. डॉ. होमी भाभांच्या संस्थेत अणुभौतिकीची आकडेमोड वाढत चाललेली, आणि ती करणारं यंत्र देशात नाही. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनं इंग्लंडहून एक संगणक विकत आणला. मुंबईत मात्र ठरलं, आपण बांधायचा.

काम सोपवलं रंगस्वामी नरसिंहन यांच्याकडे. मद्रासजवळच्या गिंडीला इंजिनिअरिंग, पुढे अमेरिकेत शिक्षण, गणितात डॉक्टरेट, आणि १९५४ मध्ये परत. सुरुवातीची तुकडी अर्धा डझन माणसांची. बहुतेक जण भौतिकशास्त्राचे एम.एस्सी., इलेक्ट्रॉनिक्स घेऊन झालेले. गंमत पाहा, नरसिंहन सोडले तर यातल्या एकानंही तोवर संगणक वापरलेला नव्हता, मग बांधणं तर दूरच!

अशा तुकडीला कसं चालवायचं? एकदम मोठ्या यंत्राला हात घातला असता तर चूक कुठे आहे हेच कुणाला कळलं नसतं. म्हणून आधी एक छोटं, नमुन्याचं यंत्र करायचं ठरलं. ते १९५६ अखेर चालू झालं. त्यावर हात बसल्यावरच, १९५७ पासून, मोठ्याची आखणी सुरू झाली. आम्ही वर्गात पाढे झाल्याशिवाय भागाकार घेत नसू, तसंच हे. वरवर साधी गोष्ट वाटते, पण वरिष्ठांनी दोन वर्षं 'मोठं यंत्र कुठाय?' असा तगादा लावला असता तर ते जमलं नसतं. भाभांनी माणूस निवडला आणि त्याला वेळ दिला. नेतृत्वाचा हा अर्धा भाग बहुतेक वेळा दिसतच नाही.

मोठं यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागलं. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. आपल्या जुन्या रेडिओत पाच-सहा असायचे, आणि त्यातला एक गेला तरी रेडिओ दुरुस्तीला न्यावा लागे, आठवतंय ना? शिवाय १,७०० डायोड आणि साडेबारा हजार रेझिस्टर. स्मृती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. ती फेराइटच्या इवल्या कड्यांत साठवलेली. एका बिटाला एक कडी, म्हणजे ऐंशी हजारांवर कड्या झाल्या, आणि प्रत्येकीतून तारा ओवलेल्या. उत्तर आलेखाच्या रूपात पाहता यावं म्हणून पडदाही जोडला होता. १५ जानेवारी १९६२ रोजी कुलाब्याच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पंडित नेहरू आले, तेव्हा या यंत्राचं 'टिफ्रॅक' असं बारसं झालं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. यंत्र पुरं होईपर्यंत जगात ट्रान्झिस्टरचे संगणक आले होते. टिफ्रॅक जन्मतःच जुना. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आलं आणि टिफ्रॅकची सद्दी संपली. मग हा सगळा खटाटोप फुकट गेला का?

माझा भाचा सॉफ्टवेअर कंपनीत पंधरा माणसं सांभाळतो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे असा प्रोजेक्ट दुसऱ्या वर्षी बंद झाला असता." खरं असेल. पण त्याच्या कंपनीला तयार माणसं मिळतात. नरसिंहनना माणसं तयार करायची होती, आणि यंत्र बांधता बांधताच ती होणार होती. ती किती तयार झाली होती, हे यावरून कळावं: १९६१ मध्ये नरसिंहन स्वतः इलिनॉय विद्यापीठात संशोधनाला गेले, ते १९६४ पर्यंत तिकडेच होते. इकडे टिफ्रॅक चालूच राहिला. प्रमुख तीन वर्षं समोर नाही आणि काम अडत नाही, हे आमच्या शाळाखात्यात मी तरी पाहिलं नाही!

हळहळ वाटते ती एका गोष्टीची. हे ज्ञान संस्थेच्या भिंतींबाहेर, कारखान्यात, गेलं नाही. टिफ्रॅकसारखं दुसरं यंत्र कुणी बांधून विकलं नाही. पण तो दोष त्या तुकडीच्या माथी मारता येणार नाही. घ्यायला उद्योगच तयार नव्हता.

नरसिंहन पुढे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी 'सीएमसी'चे पहिले अध्यक्ष झाले. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून गेली, तेव्हा तिची देशभर विखुरलेली यंत्रं चालू ठेवण्याचं काम याच सीएमसीनं अंगावर घेतलं. आणि ऐंशीच्या दशकात रेल्वे आरक्षणाचा संगणकही तिनंच उभा केला. त्याआधी प्रत्येक गाडीच्या वेगळ्या खिडकीपुढच्या रांगेत किती सकाळी गेल्या, हे घरातल्या जुन्या मंडळींना विचारा.