गाळ काढण्याआधी

पेण-रोह्याकडे पोरं गावतळ्यात उतरतात. घमेलं, फावडं, मांडीएवढा चिखल, काठावर वाळत टाकलेलं शेवाळ. चांगलं काम आहे, करावं. पण तळं नुसतं गाळानंच नासतं असं कुणी म्हणालं, तर त्याला हाताला धरून महाडला न्यावं. जिल्हा एकच. तेव्हा कुलाबा म्हणत, १९८१ पासून रायगड.

महाडचं चवदार तळं चार-पाच एकरांचं. पावसाचं पाणी आणि आतले झरे. सभोवार नगरपालिकेचा रस्ता, रस्त्यापलीकडं सवर्णांची घरं. बाजाराला, सरकारी कामाला खेड्यापाड्यातून आपली माणसं महाडात यायची. पाणी डोळ्याला दिसायचं, घशाला मिळायचं नाही. कागदावर मात्र तळं मोकळं झालं होतं. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव पास झाला, ५ जानेवारी १९२४ ला महाड नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं केलं. ठराव वहीत बसला. तीन वर्षं त्यातली एक ओंजळ आपल्या माणसाच्या तोंडात गेली नाही.

दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे तेव्हा चोविशीचे. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या पोरांनी गावोगाव पायपीट करून १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद उभी केली. स्वयंसेवक म्हणतात ते हे. अडीच हजारांवर माणूस जमला, आणि त्याला प्यायला पाणी नाही! शेवटी सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घेतलं. गिरणीतला कामगार महिनाभर राबून जवळपास एवढंच घरी नेत होता. शेजारी चार-पाच एकर पाणी भरलेलं, आणि हा सौदा.

२० तारखेला अनंतराव चित्र्यांनी तळ्यावर जायची गोष्ट काढली. बाबासाहेब पुढं, माणसं रांगेनं मागं. पाणी प्यायले, परत फिरले. मग गावात आवई उठली, आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. मांडवात जेवत असलेल्यांवर, वाटेनं घरी निघालेल्यांवर लाठ्या पडल्या. मुसलमानांच्या घरांनी कित्येकांना आसरा दिला, हेही लिहून ठेवायला पाहिजे.

आणि मग तळं 'शुद्ध' झालं. १०८ घागरी पाणी काढलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं, मंत्र म्हणत परत तळ्यात. आज पोरं तळ्यातली घाण बाहेर काढतात त्याला सफाई म्हणतात. तेव्हा शेण आत टाकलं त्याला शुद्धी म्हटलं. पाणी तेच, काठ तोच. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला.

डिसेंबरात पुन्हा परिषद. मुंबईहून सोयीची वाट पेणजवळच्या धरमतरवरून. पण पुढच्या मोटारवाल्यांनी अडवलं तर? म्हणून 'पद्मावती' बोटीनं दासगावला उतरायचं ठरलं. तिथून पाच मैल, पायी गेलं तरी चालेल! गावात जागा कुणी देईना, ती फत्तेखानांनी दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जातीनं ब्राह्मण. तळ्यावर मात्र कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम येऊन पडलेला, म्हणून पाण्याला हात न लावता तळ्याला फेरी घातली. एवढी शिस्त, तीही मार्चात डोकी फुटल्यानंतर.

दाव्यात फिर्यादी म्हणाले, हे 'चौधरी तळं', आमच्या खाजगी मालकीसारखं. अस्पृश्यांना बंदी ही पूर्वापारची वहिवाट. बघा, शिवू न देण्याचीसुद्धा वहिवाट लागते. खालच्या कोर्टात हरले, ठाण्याला हरले, मुंबई हायकोर्टात गेले. तळं नगरपालिकेचं ठरलं, अनादि वहिवाट शाबीत झाली नाही.

आज कुठल्या तळ्यात उतरणाऱ्या पोरांनी गाळाबरोबर ही वहीही काढून बघावी: तळं कुणाच्या नावावर, काठाची पट्टी कुणाकडं, आणि आपल्या वस्तीची बाई पूर्वी कुठल्या बाजूनं, किती लांब पाण्याला जायची. म्हातारी माणसं अजून आहेत, विचारलं तर सांगतात.

हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. त्या ओंजळीला दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी होते.