मुद्दल आणि अनुदान

अमेरिकेतील विद्यापीठे धनिकांच्या देणग्यांवर उभी राहिली आणि आपली सरकारी तिजोरीवर, असे सर्रास म्हटले जाते. दोन्ही देशांचा इतिहास पाहिला की ही समजूत मला अपुरी वाटते.

यादवी युद्ध ऐन भरात असताना, २ जुलै १८६२ रोजी, अध्यक्ष लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर स्वाक्षरी केली. काँग्रेसमधील प्रत्येक प्रतिनिधीमागे ३०,००० एकर या हिशेबाने राज्यांना जमीन मिळाली. ती विकून आलेले मुद्दल अबाधित ठेवावे, व्याजातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये चालवावीत आणि त्यातील काहीही इमारतींवर खर्चू नये, अशी अट होती. ही जमीन मुळात तेथील आदिवासी जमातींकडून घेतलेली होती, हेही विसरता येत नाही. १८६५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या वाट्याची जमीन आणि एझ्रा कॉर्नेल यांचे पाच लाख डॉलर एकत्र आले व कॉर्नेल विद्यापीठ जन्मास आले. सरकारी आणि खासगी पैसा असा एकाच कोषात मिसळला.

आपल्याकडेही दात्यांची वाण नव्हती. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या, तर दीक्षान्त सभागृह कावसजी जहांगीर यांच्या औदार्यातून उभे राहिले. मात्र देखण्या वास्तूतून प्राध्यापकांचे वेतन निघत नाही. कलकत्त्याच्या तारकनाथ पालित यांनी हे ओळखले होते. १९१२ मध्ये त्यांनी विद्यापीठास दिलेल्या देणगीतून अध्यासने निर्माण झाली. त्यांपैकी भौतिकशास्त्राच्या अध्यासनासाठी १९१७ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी वित्त खात्यातील अधिक पगाराची सरकारी नोकरी सोडली. पुढे १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

असे कायम निधी आपल्याकडे अपवादच राहिले. १९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगास वैधानिक दर्जा मिळाला आणि वार्षिक अनुदान हीच रीत रुळली. राजा अण्णामलै चेट्टियार यांच्या देणगीतून १९२९ मध्ये चिदंबरम येथे स्थापन झालेले विद्यापीठही अखेर आर्थिक संकटात सापडले आणि २०१३ मध्ये तमिळनाडू शासनाने ते ताब्यात घेतले.

शासकीय सेवेत असलेल्या आम्हा मंडळींना अनुदानाचा स्वभाव चांगला ठाऊक आहे. ते दरवर्षी मागावे लागते, मार्चअखेर संपवावे लागते आणि तंगीच्या वर्षी त्यालाच प्रथम कात्री लागते. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेतील राज्य विद्यापीठांनीही हेच अनुभवले. विधिमंडळांनी अनुदाने छाटली आणि भार विद्यार्थ्यांच्या शुल्कावर पडला.

म्हणून माझ्या मते खरा प्रश्न पैसा सरकारी की खासगी, हा नाही. तो मुद्दल म्हणून दिला की वर्षासन म्हणून, हा आहे. मुद्दल देणारा, मग तो शेठ असो वा सरकार, आपला अंकुशही काही अंशी सोडून देतो. आपल्या शासनाने नेमके तेच कधी मनापासून स्वीकारले नाही. विद्यापीठांच्या स्वायत्ततेवरील आपली चर्चा या मुद्द्यापासून सुरू व्हायला हवी.