दोन कागद आणि एक नेमणूक

१३ मे २०२१ रोजी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने एक छोटेखानी पत्रक काढले. भारतीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी रमेश पोवार यांची निवड झाल्याचे त्यात जाहीर केले होते. मदनलाल, रुद्रप्रताप सिंग आणि सुलक्षणा नाईक या तिघांच्या सल्लागार समितीने मुलाखती घेतल्या होत्या. पत्रकात पोवारांची ओळख रीतीप्रमाणे करून दिली होती: २ कसोटी, ३१ एकदिवसीय सामने, त्याच वर्षी मुंबईला मिळालेला विजय हजारे करंडक, आणि २०१८ मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली महिला संघाने गाठलेली विश्वचषक उपांत्य फेरी. या शेवटच्या वाक्यापाशी वाचक थबकतो. कारण त्या उपांत्य फेरीपायीच पोवारांचे पद गेले होते, आणि तेच वाक्य आता त्यांच्या पात्रतेचा पुरावा म्हणून पुढे आले होते.

क्रीडेच्या इतिहासाला आपल्याकडे अजून इतिहासाचा मान नाही. धावा, बळी, तारखा एवढ्यावर त्याची बोळवण होते. परंतु ज्यांना संहिता वाचण्याची सवय आहे, एखाद्या बखरीत लेखकाने कोणता प्रसंग गाळला यावरून त्याचा धनी ओळखण्याची सवय आहे, त्यांनी अशी पत्रके अवश्य वाचावीत. खेळाडूंना वाईट वागवतो अशी ज्याच्याविषयी तक्रार झाली आहे, अशा प्रशिक्षकाला पुन्हा नेमताना संस्था काय बोलते आणि काय बोलत नाही, हा प्रश्न केवळ मैदानापुरता नाही.

प्रथम घटना पाहू. नोव्हेंबर २०१८ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये महिलांची टी-ट्वेंटी विश्वचषक स्पर्धा झाली. मिताली राजने पाकिस्तान आणि आयर्लंडविरुद्ध लागोपाठ अर्धशतके केली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ती खेळली नाही, संघ जिंकला. २२ नोव्हेंबरला अँटिग्वात इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात जिंकलेला संघ बदलायचा नाही या कारणास्तव तिला बाहेर ठेवण्यात आले. भारताचा डाव ११२ धावांत आटोपला आणि इंग्लंडने आठ गडी राखून सामना जिंकला. येथवरचा वाद निवडीचा होता. असे वाद होतात आणि विसरलेही जातात.

पुढे मात्र दोन कागद आले. पहिला कागद मितालीचा. मंडळाचे मुख्य कार्यकारी अधिकारी राहुल जोहरी आणि क्रिकेट व्यवहारांचे प्रमुख सबा करीम यांना लिहिलेले ते पत्र. त्यात तिने निवडीविषयी तक्रार केलीच, पण पत्राचा गाभा निराळा आहे. सरावात इतर फलंदाजांच्या जाळ्यामागे प्रशिक्षक उभे राहतात आणि तिची पाळी आली की निघून जातात. बोलायला जावे तर फोनमध्ये पाहत चालू लागतात. हा अपमान इतरांच्याही नजरेस येतो, अशा आशयाचे ते तपशील होते. शिवी नाही, हात उगारणे नाही. केवळ दुर्लक्ष. वीस वर्षे खेळलेल्या बाईला ‘तू येथे नाहीस’ असे न बोलता सांगणे. आपल्या एकत्र कुटुंबांच्या कादंबऱ्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना या अबोल शिक्षेची ताकद समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरा कागद पोवारांचा अहवाल. त्यानुसार मिताली हाताळण्यास कठीण होती, सलामीला खेळण्याचा हट्ट धरत होती, मनासारखे न झाल्यास निवृत्तीची भाषा करत होती, संघापेक्षा स्वतःच्या विक्रमांत रमली होती. हे दोन्ही कागद मंडळाच्या कपाटात राहायचे ते वर्तमानपत्रांत पोहोचले. कसे पोहोचले, हा निराळा विषय.

हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट ध्यानात येते. दोघेही एकाच वर्तनाचे वर्णन करीत आहेत. फरक नामकरणात आहे. एकाची शिस्त ती दुसऱ्याची अवहेलना. एकीचा आत्मसन्मान तो दुसऱ्याचा नखरा. कोणते नाव खरे हे ठरवण्यासाठी तिसऱ्या कुणीतरी दोघांना समोर बसवून, सहखेळाडूंना विचारून, निष्कर्ष लिहून ठेवायला हवा होता. त्याऐवजी ३० नोव्हेंबरला पोवारांची हंगामी मुदत संपली, आणि मुदत संपणे हाच निकाल मानला गेला.

तेवढ्यात कर्णधार हरमनप्रीत कौर आणि आपल्या सांगलीची स्मृती मानधना या दोघींनी मंडळाला पत्रे लिहून पोवारांनाच ठेवावे अशी विनंती केली. म्हणजे एका ज्येष्ठ खेळाडूला जो माणूस असह्य झाला होता, तोच दोन धाकट्या पण अधिकारी खेळाडूंना हवा होता. अशा वेळी काही जण म्हणतात की बहुमताने प्रश्न मिटवावा. मला हे मान्य नाही. चार जणींना चांगले वागवले म्हणून पाचवीला वाईट वागवले नाही, असे सिद्ध होत नाही. आणि तितकेच खरे हे की एकीने तक्रार केली म्हणून ती आपोआप सिद्ध होत नाही. पोवारांवरही येथे अन्यायच झाला. त्यांच्या नावापुढे एक प्रश्नचिन्ह लागले आणि ते पुसण्याची किंवा गडद करण्याची कोणतीही रीत मंडळाकडे नव्हती. बदलौकिक म्हणजे न तपासलेली तक्रार. ती माणसाच्या मागे सावलीसारखी हिंडत राहते. (खेळाडू असताना लाल चष्मा आणि शरीरयष्टी यांवरून पोवारांनी पुष्कळ थट्टा सोसली होती, हेही जाता जाता नमूद करायला हवे.)

पोवार हे या मालिकेतले पहिले नव्हते. एप्रिल २०१७ मध्ये विश्वचषक तोंडावर असताना पूर्णिमा राव यांना दूर करून बडोद्याचे तुषार आरोठे यांना आणले गेले. आरोठ्यांचा संघ लॉर्ड्‌सवरच्या अंतिम सामन्यात अवघ्या ९ धावांनी हरला. त्यानंतर वर्षभरात, जून २०१८ मध्ये, ज्येष्ठ खेळाडूंना त्यांच्या सरावपद्धती जाचक वाटल्याच्या बातम्या आल्या आणि त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी पोवार. मग डब्ल्यू. व्ही. रामन. मग पुन्हा पोवार. चार वर्षांत इतके बदल झाले, त्यांतले दोन खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्या बेबनावातून, आणि एकाचाही लेखी निष्कर्ष लोकांपुढे आला नाही.

आपल्या समाजाची यातली भूमिका तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शिवाजी पार्कच्या रमाकांत आचरेकरांची गोष्ट मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. शाळेच्या मोठ्या संघाचा सामना पाहायला, टाळ्या वाजवायला म्हणून छोटा सचिन वानखेडेवर गेला आणि स्वतःचा सामना बुडवला. सरांनी तिथेच थोबाडीत दिली. ही गोष्ट सचिन तेंडुलकर यांनी स्वतः अनेकदा कृतज्ञतेने सांगितली आहे आणि त्या कृतज्ञतेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु थपडेची गोष्ट सांगण्याचा अधिकार कुणाला मिळतो? जो पुढे तेंडुलकर होतो त्याला. त्याच वयात, तशीच थप्पड खाऊन जो मैदानाकडे पुन्हा फिरकला नाही, त्याची आठवण कुणी विचारत नाही. त्याचे आत्मचरित्र नसते. यशस्वी शिष्यांच्या साक्षीवरून गुरूची पद्धत योग्य ठरवणे हे, बचावलेल्या प्रवाशांना विचारून नाव मजबूत होती असे ठरवण्यासारखे आहे. मास्तरांच्या छडीविषयी मध्यमवर्गीय आठवणी आणि दलित आत्मकथने यांत जे अंतर आहे, ते येथे आठवावे. तीच छडी, पण एकाकडे विनोदाचा विषय, दुसऱ्याकडे जखम.

आमच्या एकलहऱ्यात वीज केंद्राच्या वसाहतीकडे संध्याकाळी मुले-मुली सराव करतात. काठाशी उभे असलेले पालक शिकवणाऱ्याला सांगतात, ‘सर, अजिबात गय करू नका.’ सर गय करीत नाहीत. पालकांच्या मनात सर जितके कडक तितकी फी सार्थकी लागली असा हिशेब असतो. पुढे कुठल्या मंडळाच्या समितीवर बसणारी माणसेही अशाच काठांवरून आलेली असतात.

हॉकीत हीच गोष्ट अधिक गंभीर रूपात घडली. महाराज कृष्ण कौशिक हे १९८० च्या मॉस्को ऑलिंपिक सुवर्णविजेत्या संघातले. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली, खडकीच्या धनराज पिल्लेच्या नेतृत्वात भारताने सुवर्णपदक मिळवले. लगोलग धनराजसह काही खेळाडू वगळले गेले आणि कौशिकही गेले. २००७ साली ‘चक दे! इंडिया’ आला, त्याच्या पटकथाकाराला हॉकीचे बारकावे समजावून देणाऱ्यांत कौशिक होते. मुलींना कठोरपणे घडवणारा तो पडद्यावरचा प्रशिक्षक देशभर आदर्श ठरला. जुलै २०१० मध्ये महिला संघातून कौशिकांवर लैंगिक छळाचा आरोप झाला, त्यांनी तो नाकारला, पद सोडले. आणि २०१३ मध्ये ते पुरुष संघाच्या प्रशिक्षणासाठी परत आले. २०२१ साली करोनाने त्यांचे निधन झाले. आरोप खरा की खोटा याविषयी मी काही म्हणत नाही. मात्र महिला संघाऐवजी पुरुष संघ दिला म्हणजे प्रश्न सुटला, या कल्पनेत तक्रार करणारीला काहीच उत्तर मिळत नाही, आणि तक्रार खोटी असेल तर त्या माणसालाही नाही.

आता याच प्रश्नाचे परदेशातले रूप पाहू, कारण तेथे एक गोष्ट होती जी आपल्याकडे नव्हती. उत्तर अमेरिकेत बर्फावरची हॉकी हा व्यवसाय आहे. माइक बॅबकॉक हे तेथील नामांकित प्रशिक्षक. टोरोंटोच्या संघाने त्यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये काढले. त्यानंतर त्यांनी एका नवख्या खेळाडूला सहकाऱ्यांची मेहनतीनुसार क्रमवारी लावायला सांगितल्याची आणि ती यादी इतरांसमोर उघड झाल्याची हकीकत प्रसिद्ध झाली. हे सारे माहीत असताना १ जुलै २०२३ रोजी कोलंबसच्या संघाने त्यांना नेमले. सप्टेंबरमध्ये बातमी आली की ते खेळाडूंना फोनमधली छायाचित्रे दाखवायला सांगतात. (एक प्रशिक्षक स्वतःच्या फोनमध्ये पाहतो म्हणून तक्रार, दुसरा खेळाडूच्या फोनमध्ये पाहतो म्हणून.) कर्णधाराने जाहीरपणे सांगितले की यात गैर काही नव्हते. परंतु खेळाडूंच्या संघटनेचे लोक कोलंबसला गेले, धाकट्या खेळाडूंशी बोलले. कर्णधाराला जे साधे वाटले ते वीस वर्षांच्या पोरांना तसे वाटले नव्हते. १७ सप्टेंबरला, एकही सामना होण्यापूर्वी, बॅबकॉक यांनी राजीनामा दिला आणि ही नेमणूक चूक होती, जबाबदारी माझी, असे संघाच्या व्यवस्थापकाने पत्रकारांसमोर मान्य केले.

संघटना असल्यामुळे तक्रारीला वर्तमानपत्राच्या दारात जावे लागले नाही. भारतात लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये क्रिकेटपटूंची संघटना स्थापन झाली, पण ती निवृत्तांची. जो खेळतो आहे, ज्याचे करिअर प्रशिक्षकाच्या मर्जीवर हिंदकळते आहे, त्याला तीत जागा नाही. म्हणून फुटलेले पत्र हाच येथे अर्जाचा एकमेव परिणामकारक नमुना ठरतो. अपवाद एकच: तुम्ही पुरुष संघाचे कर्णधार असाल तर. जून २०१७ मध्ये सचिन तेंडुलकर, सौरव गांगुली, लक्ष्मण यांची समिती अनुकूल असूनही अनिल कुंबळे यांना कोहलीचे आक्षेप कळवण्यात आले आणि ते पायउतार झाले. डिसेंबर २०१८ मध्ये प्रशासक समितीच्या डायना एडलजी यांनी नेमका हाच दाखला दिला: कर्णधार कोहलीची नापसंती चालते, मग हरमनप्रीतची पसंती का नाही? मितालीच्या पत्रात एडलजींवरही आरोप होते, हे ध्यानात ठेवूनही हा सवाल बिनतोड आहे. दुसरे सदस्य विनोद राय यांनी त्यांचे ऐकले नाही. कपिल देव, अंशुमन गायकवाड आणि शांता रंगस्वामी यांच्या समितीने मुलाखती घेतल्या, गॅरी कर्स्टन यांना पहिली पसंती दिली आणि अखेर रामन आले.

रामन यांचा संघ ८ मार्च २०२० रोजी मेलबर्नला ८६ हजारांवर प्रेक्षकांसमोर विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला. पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेकडून घरच्या मैदानांवर दोन्ही मालिका हरल्या आणि मे महिन्यात पोवार परतले. एकदिवसीय संघाची कर्णधार तेव्हा मिताली राजच होती. झाले ते झाले, अशा अर्थाचे तिने सांगितले. दुसरे काय सांगणार? जुलै २०२१ मध्ये ती आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये सर्वाधिक धावा करणारी महिला ठरली, सप्टेंबरमध्ये संघाने ऑस्ट्रेलियाची सलग २६ विजयांची साखळी तोडली. मार्च २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेकडून शेवटच्या चेंडूवर हरून संघ विश्वचषकातून बाहेर पडला, जूनमध्ये मिताली निवृत्त झाली, आणि डिसेंबरात पोवारांची बदली राष्ट्रीय अकादमीत झाली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमोल मुजुमदार आले. आचरेकरांचेच शिष्य, १९८८ साली तेंडुलकर-कांबळी ६६४ धावांची भागी रचत असताना पॅड बांधून बसून राहिलेला तो मुलगा, जो पुढे भारतासाठी एकदाही खेळला नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या रात्री खेळाडूंनी करंडक आधीच्या पिढीच्या हाती दिला. त्यांत झूलन गोस्वामी होती, अंजुम चोप्रा होती आणि मिताली राजही होती. २०१८ चे ते दोन कागद मात्र जिथे होते तिथेच, त्यांवर कुणाचा शेरा नाही.